सात नंबरची पट्टी

मुलीची बॅग घेऊन मी जिना चढत होतो आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला कळलं की बॅग रिकामी आहे. चांगली मोठी, चाकांची बॅग. दोन माणसांचे महिनाभराचे कपडे सहज मावतील अशी. वजनाचा अंदाज धरून मी ती उचलली, तर ती इतकी अलगद वर आली की माझाच तोल गेला आणि खांदा भिंतीला घासला. मुलगी मागून येत होती. तिच्या खांद्याला एक पिशवी होती, आणि दोन दिवसांचं तिचं सगळं सामान त्या पिशवीतच आहे हे उघड दिसत होतं. "बाबा, सांभाळून," ती म्हणाली. "काय गं, दगड भरलेस की काय?" मी म्हणालो, आणि उरलेल्या पायऱ्या मुद्दाम धापा टाकत चढलो. का, ते देवाला ठाऊक. रिकामी बॅग जड आहे असं सांगून कुणाचं काय भलं होणार होतं? पण तोंडून आलं ते हेच. दार उघडून मी बॅग आतल्या खोलीत, हिच्या कपाटाशेजारी ठेवली आणि चहा टाकायला गेलो.

ही म्हणजे माझी बायको. चौदा महिन्यांपूर्वी मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली, तीन महिन्यांसाठी. तिनाचे सहा झाले तेव्हा मी स्वतःला सांगितलं, बाळ लहान आहे, साहजिक आहे. सहाचे दहा झाले तेव्हा ऑफिसात कुणी विचारलं की 'जावई सोडतच नाहीत हो' असं म्हणून हसायला लागलो. दर रविवारी फोन व्हायचा. बाळाला दात आले, बाळाला ताप आला, तुमचे गुडघे कसे आहेत, पाणी वेळेवर येतं ना. कधी येतेस, हे मी विचारत नसे आणि ती सांगत नसे. दोन महिन्यांपूर्वी मी घराला रंग लावून घेतला, तिला आवडतो तो फिकट पिवळा. स्वयंपाकघरातला नळ सात-आठ वर्षं 'बघू उद्या' म्हणून टपटपत होता, तोही दुरुस्त करून घेतला. नळ थांबल्यावर घरात इतकं शांत झालं की पहिल्या दिवशी मला करमेना. मग परवा मुलीचा फोन आला, ऑफिसच्या कामानं त्या बाजूला येतेय, एक दिवस मोकळा आहे, राहीन. मला वाटलं, हिला घेऊनच येत असणार. मजा जायला नको म्हणून सांगत नसतील. स्टेशनवर मी तिघांची गाडी ठरवून उभा होतो. मुलगी एकटी उतरली. मी तिच्यामागे डब्याच्या दारात बघत राहिलो, शेवटचा माणूस उतरेपर्यंत, आणि मग म्हणालो, "गर्दी होती नाही?"

चहा पिताना ती नव्या रंगाकडे बघत होती. लहानपणी आम्ही तिला 'साहेब' म्हणायचो. शाळेतून आली की चपला ओळीत आहेत का, कुणी तिच्या पेन्सिलींना हात लावला का, सगळ्याची तपासणी व्हायची. आताही तशीच बघत होती, नळ, पडदे, आईची खुर्ची. "छान केलंत घर," ती म्हणाली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "बाबा, आज मला गाव दाखवा. या शहरात मी जन्मले, वाढले, आणि बाहेरगावची माणसं येऊन जे बघून जातात त्यातलं मी काही धड बघितलेलं नाही." मला बरं वाटलं. दिवस कसा काढायचा हा प्रश्न सुटला. मी म्हटलं, जकातघर बघू, जुनं ग्रंथालय बघू, नदीवरची वेस बघू. "आणि मनोरा," ती म्हणाली. "आईनं सांगितलंय, सात नंबर बघून ये म्हणून." मी बशीत सांडलेला चहा कपात ओतला. "तुला काय माहीत सात नंबर?" "आईनंच सांगितलं," ती म्हणाली.

माझी नोकरी एका वाक्यात सांगता येते. शहरातल्या जुन्या इमारतींना गेलेल्या तड्यांवर मी लक्ष ठेवतो. तडा म्हणजे लगेच इमारत पडते असं नाही. बहुतेक तडे माणसांइतकेच निरुपद्रवी असतात, एकदा गेले की जन्मभर तसेच राहतात. प्रश्न एवढाच की तडा थांबलाय की चालतोय. ते समजायला आम्ही त्याच्यावर आडवी काचेची पट्टी बसवतो, वीतभर लांब, दोन्ही टोकं प्लास्टरच्या गोळ्यात रोवलेली. प्लास्टर ओलं असताना त्यावर खिळ्यानं नंबर आणि तारीख कोरायची. भिंत केसभर हलली तरी काच तुटते. दर तीन महिन्यांनी मी जातो, बघतो आणि वहीत लिहितो, शाबूत किंवा तुटली. चौतीस वर्षांत 'तुटली' हा शब्द मी चार वेळा लिहिला असेल. ऑफिसात मला तडेकर म्हणतात. माझं खरं आडनाव नव्या पोरांना ठाऊक नसावं. एकानं तर मागे रजेच्या अर्जावरही तेच घातलं होतं.

जकातघरापाशी पोचलो तेव्हा एक गाईड छत्री उंच धरून तीस-चाळीस माणसांना आत नेत होता. मुलीनं दोन तिकिटं काढली. मी म्हटलं अगं, मला तिकीट लागत नाही, तर म्हणाली, आज तुम्ही पाहुणे. मोठं दालन आहे, जुन्या काळी नदीतून येणारा माल इथं तोलायचे. तो लोखंडी काटा अजून छताला टांगलेला आहे. गाईड सांगत होता की या काट्यावर एकदा एका व्यापाऱ्यानं स्वतःच्या मुलीला बसवून तिच्या वजनाची चांदी दिली. असं काही झालेलं नाही. पण माणसं माना वर करून त्या रिकाम्या काट्याकडे बघत होती, आणि मी पूर्वेच्या कमानीखालची तीन नंबरची पट्टी बघत होतो. शाबूत. चार, शाबूत. बायको म्हणायची की तुमच्याबरोबर कुठं जायला नको, माणूस देवळात गेलं तर हात जोडतं, तुम्ही भिंत चाचपता. तिच्याबरोबर फिरताना मी चाचपत नसे, फक्त बघत असे. पण तिला ते कळायचं. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. सव्वीस वर्षं. जुन्या छापखान्यात, जिथं शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, उलटे जुळवत, आणि ती उलटा मजकूर आपण सुलटा वाचतो त्या वेगानं वाचायची. दुकानाची पाटी असो की लग्नाची पत्रिका, तिची नजर आधी चुकीवर जायची. आम्ही दोघंही चुका शोधण्याचा पगार खात होतो. शोधलेल्या चुकीचं पुढं ती जे करायची आणि मी जे करायचो त्यात मात्र फरक होता.

जकातघराच्या मागच्या बाजूला नदीकडे तोंड करून बाकं आहेत. तिथं बसल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, आजी गेली तेव्हा निरोप कधी आला होता?" तिनं ते अशा आवाजात विचारलं जसं गाडी किती वाजता आहे विचारावं. अकरा वर्षं झाली त्या गोष्टीला. तेव्हा ती वसतिगृहात होती, तिला थेट अंत्यविधीलाच आणलं होतं. "शनिवारी," मी म्हणालो. "शनिवारी संध्याकाळी. आला आणि लगेच निघालो आम्ही." "शनिवारी," ती म्हणाली. "हो. का गं?" "काही नाही, आईशी बोलताना विषय निघाला होता." नदीत एक बोट चालली होती आणि बोटीतली माणसं आमच्याकडे बघून हात हलवत होती. पर्यटकांना ती खोड असते. मुलीनं हात हलवला. मीही हलवला.

निरोप शुक्रवारी आला होता, दुपारी पाऊण वाजता. शिपायानं चिठ्ठी आणून दिली तेव्हा मी मनोऱ्यावर होतो. 'सासूबाई अत्यवस्थ, ताबडतोब निघा.' चिठ्ठी वाचताना माझे हात प्लास्टरनं भरले होते, आणि कागदावर माझ्या बोटांचे पांढरे ठसे उमटले ते मला आजही दिसतात. दुसऱ्या दिवशी परदेशचे मोठे पाहुणे मनोरा बघायला येणार होते, आणि सकाळी शेवटची नजर टाकायला म्हणून मी वर गेलो तो सात नंबरची काच मधोमध तुटलेली. तुटली असं लिहायचं म्हणजे मनोरा बंद, परांची, इंजिनीअर, चौकशी आणि वरिष्ठांचा थयथयाट. मला हे सगळं कसं टाळायचं ते माझ्या आधीच्या इन्स्पेक्टरांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. म्हातारा मोठा गोड बोलायचा. तुटलेली पट्टी काढायची, नवी बसवायची, नव्या प्लास्टरवर जुनी तारीख कोरायची आणि ते जुनं दिसावं म्हणून कोऱ्या चहाच्या पाण्यानं पुसून घ्यायचं. 'आपण खोटं लिहीत नाही,' तो म्हणायचा, 'आपण लिहितो तेव्हा ती शाबूतच असते.' म्हणून माझ्या पिशवीत कायम चहाचा थर्मास असतो. लोकांना वाटतं मला चहाचं व्यसन आहे. आम्ही सगळेच असं करत आलो, आणि त्यामुळे शहरातला कोणता तडा थांबलाय आणि कोणता चालतोय हे आज कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. मी दर तीन महिन्यांनी गेल्या वेळच्या माझ्याच हातची काच बघून येतो.

त्या शुक्रवारी पट्टी बदलायला तासभर पुरला असता. पण सात नंबर साधा नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी हिला मनोरा दाखवायला नेलं होतं, कामाच्या दिवशीच, चोरून. ती घड्याळामागच्या खोलीत उभी राहून दातेरी चक्रं बघत होती आणि मी सात नंबर बसवत होतो. तारीख कोरून झाली तेव्हा ती म्हणाली, "आणि सही?" मी म्हटलं, सरकारी कामात बायकोची सही चालत नाही. "मग अंगठा घ्या, अडाणी बायको आहे," असं म्हणून तिनं ओल्या प्लास्टरमध्ये अंगठा दाबला. लहानपणी तिचा अंगठा दाराच्या बिजागरीत सापडला होता, त्याच्या पेरावर आडवी खाच होती. खाचेसकट ठसा उमटला. त्यानंतर वीस वर्षं मी दर तीन महिन्यांनी तो बघत होतो. घरी आल्यावर ती विचारायची, "माझा अंगठा काय म्हणतोय?" मी म्हणायचो, शाबूत. आमच्या घरातली ही सगळ्यात जुनी थट्टा. तर त्या शुक्रवारी काचेबरोबर प्लास्टरही फुटून खाली आलं, आणि मी ते तुकडे हातात घेऊन किती वेळ बसलो होतो कोण जाणे. मग नवं प्लास्टर कालवलं, माझा अंगठा दाबला, आणि त्यावर खिळ्यानं आडवी रेघ ओढली. तिचा अंगठा लहान म्हणून कडेनं दाबून बेतानं केला. दोनदा बिघडला, तिसऱ्यांदा जमला. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा ती खुर्चीत पाय घेऊन प्रुफं बघत होती. चिठ्ठी खिशात होती. सांगितलं तर ती रात्रीच निघणार, आणि तिला एकटीला कसं पाठवायचं, आणि उद्या वर कुणी तज्ज्ञ आला आणि त्यानं पट्टीला हात लावला तर तिथं मी नको का? एका दिवसानं काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं. शनिवारी संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर, मी तिला निरोप सांगितला. सासूबाई दुपारीच गेल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा सगळी माणसं दाराबाहेर उभी होती. ती आत गेली. परतीच्या गाडीत खिडकीकडे बघत तिनं एकदाच विचारलं, "निरोप कधी आला होता?" मी म्हणालो, तुला सांगितला ना, तेव्हाच.

ग्रंथालयात मुलगी बराच वेळ घुमटाखाली उभी राहिली. घुमटाच्या आत निळ्या रंगावर सोनेरी नक्षत्रं काढलेली आहेत, आणि माणसांना तिथं आपोआप कुजबुजत बोलावंसं वाटतं. मी तिला सांगत होतो की हा रंग तीनदा नव्यानं दिलाय, मूळचा कुठंच नाही. "मग हे लोक बघतायत काय?" ती म्हणाली. मला हसू आलं, तीही हसली, आणि क्षणभर वाटलं, आता सांगावं. इथंच. साहेब, ऐका, एक गोष्ट सांगायची राहिली आहे. काय लागतं सांगायला? दोन वाक्यं. मी घसा साफही केला. तेवढ्यात पहारेकऱ्यानं मला ओळखलं आणि 'काय तडेकर, आज घरची मंडळी?' म्हणत जवळ आला, आणि मी त्याच्याशी इतक्या उत्साहानं बोलायला लागलो की त्या बिचाऱ्यालाही नवल वाटलं असेल. नंतर वेशीपाशी आम्ही उभ्या-उभ्या सँडविच खाल्लं. वेस एकटीच उरली आहे, तट केव्हाच पाडला; चारी बाजूंनी रस्ता मोकळा असताना माणसं मुद्दाम त्या दरवाजातून आत जातात आणि पलीकडे जाऊन फोटो काढतात. मुलीनं माझा फोटो काढला. "आईला पाठवते," म्हणाली. मी पोट आत घेतलं. फोटो बघितला तर मी कमानीच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होतो.

मनोऱ्याच्या दोनशे बारा पायऱ्या. माझे गुडघे प्रत्येकीची नोंद ठेवतात. वाटेत उतरणाऱ्या माणसांना जागा द्यायला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं, आणि त्यांच्या ओझ्यानं जिना किंचित थरथरतो तो पाठीला कळतो. इतरांना कळत नसावा. वरच्या सज्जात पन्नासएक माणसं होती. कठड्यावर रेलून खालची घरं एकमेकांना दाखवत होती, एक बाप मुलाला उचलून धरून 'ते बघ आपलं हॉटेल' म्हणत होता. हा सज्जा ज्या भिंतीवर आहे त्याच भिंतीत, आतल्या बाजूला, सात नंबर. मी कुलूप काढलं आणि आम्ही घड्याळामागच्या खोलीत गेलो. तेलाचा वास तसाच होता. पांढऱ्या काचेच्या तबकडीमधून उजेड येत होता आणि काट्यांच्या सावल्या उलट्या दिसत होत्या. मुलीनं विचारलं नाही. सरळ कोपऱ्यात गेली, मोबाइलचा दिवा लावला आणि गुडघे टेकून बसली. आईनं तिला जागाही सांगितली होती. तिनं अंगठ्याच्या ठशावर नख फिरवलं, आडव्या रेघेवरून, एकदा, दोनदा, हळूच.

"हा आईचाच ना, बाबा?"

"मग काय माझा?" मी म्हणालो.

आणि हसलो. माझं हसणं त्या खोलीत जरा मोठं वाटलं. तिनं मान वर केली नाही. "नक्की ना? एवढी वर्षं टिकला?" "अगं एकतीस वर्षं झाली. सात नंबर म्हणजे सगळ्यात पक्का," मी म्हणालो, आणि बोलता बोलता मला दिसलं की काचेच्या उजव्या टोकाला, प्लास्टरला लागून, एक केस आहे. पुसायला म्हणून मी वाकलो. तो केस नव्हता. काच तडकली होती. मी पट्टीसमोर उभा राहिलो, दिव्याच्या आड, आणि म्हणालो, "चल, खाली चहा घेऊ, इथला चहा बरा असतो." ती अजून गुडघ्यांवरच होती. माझ्याकडे तिनं जे बघितलं ते लहानपणच्या साहेबासारखं नव्हतं. पेन्सिल कुणी घेतली हे कळलंय आणि तरी घेणाऱ्यानं आपणहून सांगावं म्हणून कुणी थांबावं, तसं होतं. मी ते बघितलं. मला समजलंही असावं. पण भिंतीपलीकडे पन्नास माणसं हसत होती आणि मला तिथून निघायची घाई झाली होती.

संध्याकाळी मी बटाटे सोलत होतो. मुलगी आतल्या खोलीत फोनवर होती. दार लोटलेलं होतं, पण नळ आता गळत नाही. घरात सगळं ऐकू येतं. "हो, गेलो होतो वर," ती म्हणाली. "आहे ना, आहे. रेघ आतच आहे, खणल्यासारखी. तू म्हणालीस तशीच... विचारलं. दोनदा विचारलं." मग पलीकडचं ऐकून म्हणाली, "नाही गं आई. तुझाच म्हणाले." मी सुरी खाली ठेवली. "आजीचंही विचारलं. शनिवारच म्हणाले... नको ना रडू. बरं. बरं, बॅग भरते."

रेघ आत आहे. मी स्वयंपाकघरात उभा राहून माझ्या अंगठ्याकडे बघितलं. तिच्या अंगठ्याला खाच होती. खाच असलेला अंगठा ओल्यात दाबला तर खाचेच्या जागी प्लास्टर वर येतं; ठशात रेघ उठून दिसते, खोल जात नाही. मी खिळ्यानं खणली. चौतीस वर्षं भिंती बघणाऱ्या माणसाला एवढं कळलं नाही, आणि उलटे खिळे वाचणाऱ्या बाईला ते कळायला एक नजर पुरली असणार. केव्हा गेली असेल ती वर? सासूबाई गेल्यावर तिच्या माहेरची माणसं भेटायला येऊन गेली त्याच सुमारास, बहुतेक. तेव्हा आमचा शिपाईही येऊन गेला होता, आणि तो भोळा माणूस, शुक्रवारची चिठ्ठी त्यानंच आणलेली, काहीतरी बोलून गेला असेल. मग ती एकटी त्या दोनशे बारा पायऱ्या चढली असेल, माझं शुक्रवारचं काम काय होतं ते बघायला. कुलपाची दुसरी किल्ली घरातच असायची. त्यानंतर ती दहा वर्षं माझ्याबरोबर राहिली. माझ्या डब्यात रोज पोळी-भाजी घातली. मी मनोऱ्यावरून आलो की कधीकधी विचारायची, 'काय म्हणतोय माझा अंगठा?' आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी म्हणायचो, शाबूत. मला वाटायचं ही अजून थट्टाच चालली आहे. दहा वर्षं ती दर तीन महिन्यांनी मला विचारत होती, आणि मी दर तीन महिन्यांनी तिला नवी काच दाखवत होतो. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. नुसती लाज वाटली, पोटात, भूक लागल्यासारखी.

मी आत गेलो. कपाट उघडं होतं आणि मुलगी साड्यांच्या घड्या बॅगेत रचत होती. "ती जाड शाल पण ठेव," मी म्हणालो. "तुमच्याकडे थंडी असते." ती थांबली. "बाबा, काहीतरी बोला ना." "काय बोलू?" "काहीही. अजूनही." मी दाराच्या चौकटीला हात लावून उभा होतो. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात नव्या पिवळ्या रंगातून एक बारीक रेघ वर गेलेली दिसत होती, रंगाऱ्यानं नीट भरली नव्हती. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. निरोप शुक्रवारी आला होता. चार शब्द. ते बाहेर काढले तर त्यांच्या मागून काय काय येईल याचा अंदाज लागेना, आणि मी म्हणालो, "बॅग बंद होणार नाही अशी. थांब, मी बसतो तिच्यावर." मी बसलो. ती गुडघे टेकून चेन ओढत होती, दुपारी मनोऱ्यावर बसली होती तशीच. चेन बंद झाल्यावरही उठली नाही. माझ्या गुडघ्यावर कपाळ टेकून म्हणाली, "मला ही रिकामीच परत न्यायची होती." मी तिच्या केसांवरून हात फिरवला. "होईल सगळं ठीक," मी म्हणालो. तिनं माझा हात बाजूला केला, हळूच, राग न धरता, आणि उरलेले हँगर कपाटात सरळ लावायला लागली.

सकाळी बॅग मी खाली नेली. प्रत्येक पायरीवर ती माझ्या नडगीवर आपटत होती, आणि दुसऱ्या वळणावर मला टेकावंच लागलं. "द्या बाबा, जड आहे," ती म्हणाली. "काही नाही गं, हलकी आहे," मी म्हणालो. स्टेशनवर ती वाकून पाया पडली, गाडीत बसली, खिडकीतून काही म्हणाली ते आवाजात ऐकू आलं नाही. मी मान डोलावली.

तिथून मी थेट मनोऱ्यावर गेलो. उघडायला तास होता. मी फुटकी पट्टी काढली, जुनं प्लास्टर छिन्नीनं खरवडून रुमालात बांधलं आणि नवं कालवलं. भिंतीतला तडा उघडा पडला तेव्हा त्यात नाणं जाईल एवढी फट होती. मागच्या वेळी नख जात होतं. वहीत काय लिहायला हवं ते मला माहीत आहे. कालच्या त्या बापानं मुलाला कुठं उचलून धरलं होतं तेही माहीत आहे. मी काच बसवली, खिळ्यानं सात लिहिलं, एकतीस वर्षांपूर्वीची तारीख लिहिली. मग अंगठा दाबला, कडेनं, बेतानं. आणि या वेळी रेघ खणली नाही. खिळ्याच्या टोकावर चिमूटभर प्लास्टर घेऊन ती आडवी उठवली, केसाइतकी, दोन्ही टोकांना निमुळती, तिच्या अंगठ्यावर होती अगदी तशी. पहिल्याच वेळी जमली. थर्मासमधला चहा फडक्यावर घेऊन मी ती पुसली, दिवा लावून बघितली. कुणीही फसलं असतं. तीसुद्धा फसली असती. मी वही उघडून सात नंबरसमोर लिहिलं, शाबूत, आणि हात पुसले. खाली तिकिटाची खिडकी उघडली होती, आणि पहिली मंडळी मोठमोठ्यानं बोलत जिना चढायला लागली होती.